स्की टूरिंगसाठी (स्की लावून बर्फाळ डोंगर चढणं-उतरणं) अॅव्हलांच एअरबॅग, म्हणजे हिमस्खलनात हँडल ओढताच फुगा फुगणारी पाठीवरची बॅग, घ्यायची आहे; दाबलेल्या वायूच्या सिलिंडरवाली की इलेक्ट्रिक?

वारंवार विमानप्रवास होत असेल तर सुपरकपॅसिटरवर (वीज साठवणारा, पटकन चार्ज होणारा भाग) चालणारी इलेक्ट्रिक घ्या. भरलेल्या सिलिंडरला एअरलाइनची आधी परवानगी लागते, अमेरिकेत तर तो विमानात नेताच येत नाही. शिवाय इलेक्ट्रिक बॅग घरी पुन्हा पुन्हा फुगवून सराव करता येतो, आणि हा सराव फार महत्त्वाचा आहे. एअरबॅग न फुगण्यामागे बिघाडापेक्षा हँडल ओढलंच न गेल्याची कारणं जास्त असतात. म्हणून दुकानात जाड हातमोजे घालून, न बघता हँडल सापडतं का ते तपासा.

दिवसभराच्या टूरला ३० लिटर पुरतात. फावडं आणि प्रोबसाठी (बर्फाखालचा माणूस शोधायची लांब काठी) वेगळा कप्पा हवाच. सामान भरून वजन करून बघा. जड म्हणून घरी राहिलेली बॅग निरुपयोगी.

मांड्यांमधून जाणारा पट्टा लावायचा कंटाळा करू नका. तो नसेल तर फुगलेली बॅग अंगावरून वर सरकते, निघूनही जाते.

फुगा साधारण १५० लिटरचा असतो. वाहत्या बर्फात मोठ्या आकाराच्या वस्तू वर येतात, त्यावर तो चालतो. झाडं, कडे किंवा अरुंद घळ असेल तिथे मात्र त्याचा भरवसा धरू नका. ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाला शोधायला मदत करणारं रेडिओ सिग्नलचं यंत्र) अंगावर हवाच.