जिमचा मालक बदलला, तर जुनी ‘लाइफटाइम’ मेंबरशिप बुडते का?

तुम्ही जुन्या मालकाकडून ‘लाइफटाइम’ मेंबरशिप घेतली आणि आता बेळगावच्या टिळकवाडीतल्या त्या जिमचा नवा मालक ‘ते जुन्याला विचारा’ म्हणतोय ना? माझ्या मते नव्या मालकाने ती मेंबरशिप पाळायलाच हवी. चालू धंदा घेतला, गिऱ्हाईकं घेतली, मग देणं तेवढं जुन्याचं कसं? पावती मात्र नीट वाचा. ‘आजीव’ म्हणजे तुमचा जीव की जिमचा, हे बारीक अक्षरांत दडलेलं असतं! जिमच कायमची बंद झाली, तर हाती फारसं लागत नाही.

आधी लेखी पत्र देऊन पोच घ्या. मग १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, नाहीतर बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. नकार मिळाल्यापासून २ वर्षांत तक्रार करायची. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकीलही लागत नाही.