वाचकांचे प्रश्न: भावाभावांत राजकारण आलं तर

प्रश्न : माझे यजमान आणि थोरले दीर एकाच मंडळीत (चर्चमध्ये) आहेत. दलित ख्रिस्ती लोकांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून भाऊजी निवेदनं देत फिरतात. यजमान म्हणतात, ख्रिस्तात आल्यावर जात कशाला मागायची? नाताळच्या जेवणात दोघांचं वाजलं. आता एका बाकावर बसत नाहीत, प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला) मात्र दोघेही जातात. मी मधे पडू का?
– एक भगिनी, जालना

उत्तर : ताई, पडा, पण निवाडा द्यायला नको. दोघांना समोरासमोर बसवणं एवढंच तुमचं काम. प्रभुभोजनाच्या रविवारची वाट पाहू नका, त्याआधीच बसवा. बायबलमध्ये मत्तय ५:२३-२४ इथे क्रम स्पष्ट आहे: आधी भावाशी समेट, मग अर्पण. शिवाय तिथे ‘माझा भावावर राग आहे’ असं नसून ‘भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे’ असं म्हटलंय. म्हणून चूक कुणाची हे ठरेपर्यंत थांबायची सोय कुणालाच नाही.

जेवणावळ, लग्नघर, शेताच्या वाटणीची बैठक टाळा. ऐकणारे भोवती असले की माणूस त्यांच्यासाठीच बोलतो. फक्त दोघे, चहा आणि अर्धा तास. पहिली दहा मिनिटं भाऊजींनी बोलायचं, यजमानांनी मधे तोडायचं नाही. मग यजमानांनी भावाचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि भाऊजी ‘हो, हेच म्हणतोय मी’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. नंतर पाळी उलटी. बहुतेक बैठका इथेच फसतात, कारण समोरचा बोलत असताना आपण मनात उत्तर जुळवत असतो. याकोब १:१९ ऐकण्याची घाई करायला सांगतो, बोलण्याची नाही.

माहिती आणि मत वेगळं ठेवा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली यावर आयोग नेमला. यात वाद घालण्यासारखं काही नाही. ‘मागणी करावी का?’ हा मात्र मताचा प्रश्न. भाऊजींना पोरांच्या फीची आणि नोकरीची काळजी आहे, यजमानांना मंडळीत पुन्हा जात शिरेल याची भीती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकमत होईलच असं नाही, न झालं तरी चालेल. ‘तू विश्वासात कच्चा’ किंवा ‘तू समाजाचा वैरी’ हे शब्द मात्र त्या दिवसापासून बंद. एवढं ठरलं तरी पुष्कळ झालं.

दोघे बसायलाच तयार नसतील, तर मत्तय १८:१६ प्रमाणे दोघांनाही मान्य असलेला मंडळीतला एखादा वडीलधारा सोबत घ्या. पाळकांकडे (पाद्रींकडे) लगेच धावू नका. ते एकाच्या बाजूचे वाटले तर गाठ आणखी घट्ट होते.

प्रश्न : मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकीय फॉरवर्ड येतात. उत्तर दिलं की भांडण, गप्प बसलं तर मान्य आहे असं वाटतं.
– तरुण संघाचा सभासद, बीड

उत्तर : ग्रुपवर उत्तर नको, पाठवणाऱ्याला फोन करा. ‘दादा, ही बातमी कुठली?’ एवढंच विचारा. बातमी खोटी निघाली, तर त्यांनाच ती ग्रुपवर मागे घ्यायची संधी द्या. तुम्हीच चारचौघांत खोडली तर ती त्यांची फजिती होते आणि मग खोट्यालाही ते धरून बसतात. ॲडमिनने प्रार्थना, आजारपण, मयत, सभेची वेळ यापुरता नियम करून ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवावा. नियम निवडणुकीआधी करा. प्रचार तापल्यावर केला की तो आपल्यावरच रोखलाय असं एखाद्याला वाटतं.

प्रश्न : विधानसभेचे उमेदवार उपासनेत दोन शब्द बोलू द्या म्हणतात. नाही म्हटलं तर अपमान होईल का?
– एक पंच, अंबड

उत्तर : आदर्श आचारसंहितेनुसार प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर करता येत नाही आणि धर्माच्या नावावर मत मागणं हा १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली निवडणुकीतलं भ्रष्ट आचरण ठरतं. हेच त्यांना सांगा, राग तुमच्यावर येणार नाही. उपासनेला बसायचं असेल तर मागच्या बाकावर जागा द्या. प्रार्थना १ तीमथ्य २:१-२ प्रमाणे सर्व अधिकाऱ्यांसाठी करा, पक्षाचं नाव न घेता. फाटकाबाहेर चहा पाजलात, तर दुसऱ्या रविवारी विरोधी उमेदवार आले तरी तसाच पाजा.