डुबियाची वसाहत: पहिले काही महिने हात आवरा

प्रश्न: आमच्याकडे दोन वर्षांची बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरड्याची एक जात) मादी आहे. आजवर तिला विकतचे रातकिडे देत आले. निम्मे आणेआणेपर्यंत मरतात, उरलेले रात्रभर किरकिरतात, शिवाय डब्याला वास येतो. डुबिया झुरळं घरीच वाढवावीत असं मनात आहे. पण नुसतं नाव काढल्यावर घरचे हादरलेत. सुरुवात किती झुरळांनी करू? आणि ती घरभर झाली तर?

उत्तर: घरच्यांची भीती आधी घेते, कारण ती रास्त आहे. डुबिया हे दक्षिण अमेरिकेतलं झुरळ. स्वच्छ, गुळगुळीत प्लास्टिकवर किंवा काचेवर त्याला चढता येत नाही. नराला पूर्ण पंख असतात, पण तो फार तर फडफडत खाली येतो. मादीच्या पंखांचे नुसते खुंट असतात. म्हणून उंच, गुळगुळीत भिंतींचा टब घेतला की निम्मं काम झालं. घरच्यांना एकदा भरलेला टब दाखवा. ती भिंतीशी येतात, पाय मारतात आणि तिथेच राहतात. माझ्या घरचा विरोध त्या पाच मिनिटांतच निवळला. मात्र झाकण हवंच. उष्ण हवेत सुटलेलं झुरळ तगू शकतं, आणि नको झाली म्हणून ती बाहेर सोडणं तर कधीच नाही. काही ठिकाणी परदेशी कीटक बाळगायला बंदी असते, तेव्हा आणण्याआधी तुमच्याकडचा नियम बघून घ्या.

आता आकडा. दोन वर्षांच्या ड्रॅगनचं मुख्य खाणं पालेभाज्या. किडे आठवड्यातून दोन-तीनदा पुरतात. त्यामुळे शेकड्यांनी आणण्याची गरज नाही. 30 माद्या आणि आठ-दहा नर पुष्कळ झाले. नर जास्त झाले की माद्यांना स्वस्थता मिळत नाही.

टबात पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे उभे लावा, आडवे नकोत. उभे असले की विष्ठा सरळ तळाशी पडते आणि बसायला जागा कोरडी राहते. तळाशी माती, भुसा काही घालू नका. टबाच्या एका बाजूला बाहेरून हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लावा, तीही थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या यंत्राशिवाय, अजिबात नको. उबेच्या बाजूला 30 ते 33 अंश ठेवा, दुसरी बाजू थंड असू द्या, म्हणजे त्यांना हवी ती जागा घेता येते.

झाकणाला मोठी खिडकी कापून तिथे धातूची बारीक जाळी बसवा. या खिडकीत कंजुषी करू नका. माझी पहिली वसाहत इथेच गेली. ओलावा टिकावा म्हणून मी चार लहान भोकं पाडली होती आणि वर काकडी भरपूर घालत होते. एका सकाळी झाकण उचललं तर डोळ्यांना झोंबणारा वास आला. ट्रे हाताला ओले लागत होते, त्यांवर करड्या बुरशीची लव आली होती आणि खाली मेलेल्या पिल्लांचा थर. दोनशेच्या वर पिल्लं होती. अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं, कारण त्यात त्या जिवांची काहीच चूक नव्हती.

खायला धान्याचा कोरडा भरडा आणि वर गाजर, भोपळा किंवा संत्र्याची फोड. एका दिवसात संपेल एवढंच ओलं घाला, उरलेलं काढून टाका. पाण्याची वाटी ठेवू नका, पिल्लं बुडतात. मांजराचं खाणं घालून ती लवकर वाढतात असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो मला मान्य नाही. जास्तीची प्रथिनं झुरळ युरिक अ‍ॅसिडच्या रूपात अंगात साठवतं, आणि ते पुढे तुमच्या ड्रॅगनच्या पोटात जातं.

सगळ्यात अवघड काम म्हणजे थांबणं. मादी साधारण दोन महिन्यांनी 20 ते 30 पिल्लं देते, आणि ती पिल्लं मोठी व्हायला आणखी चार-पाच महिने घेतात. ही पहिली पिढी मोठी होईपर्यंत रातकिडे चालू ठेवा. पुढेही प्रौढ मादीला हात लावू नका. जास्तीचे नर आणि मधल्या आकाराची पिल्लं द्या. झुरळाची लांबी ड्रॅगनच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठी नको. देण्याआधी एक दिवस त्यांना पोटभर हिरवा पाला खाऊ घाला आणि देताना कॅल्शियमची पूड लावा, कारण डुबियात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो.

टब झाडताना मास्क आणि हातमोजे घाला. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने अ‍ॅलर्जी होते, आणि ती वर्षानुवर्षं पाळणाऱ्यांनाही अचानक सुरू होते. घरात दम्याचं कुणी असेल तर हा टब त्या घरात ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: टबात एक पांढरंशुभ्र झुरळ दिसलं. रोग आहे का? वेगळं काढू?

उत्तर: रोग नाही, त्याने नुकतीच कात टाकली आहे. काही तासांत ते तपकिरी होईल. तोवर अंग लोण्यासारखं मऊ असतं, तेव्हा बोटही लावू नका.

प्रश्न: चार महिने झाले, एकही पिल्लू नाही. मी रोज ट्रे उचलून बघतो. परवा तळाशी एक वाळकी, पिवळट पिशवी सापडली.

उत्तर: ती मादीने टाकलेली अंडपिशवी आहे. डुबियाची मादी अंडी बाहेर घालून मोकळी होत नाही. ती पिशवी हळूहळू बाहेर काढते, मग आडवी वळवून परत पोटात घेते, आणि पिल्लं पोटातच वाढतात. मी हे एकदा मंद उजेडात पाहिलं. मादी ट्रेच्या खळग्यात डोकं खाली घालून बसली होती, मागे फिकट पिवळी, आडव्या रेघांची पिशवी. मी श्वासही जपून घेत होते. अशा वेळी ट्रे हलला तर ती पिशवी तशीच टाकून पळते. हवा फार कोरडी असली किंवा ऊब कमी पडली तरी हेच होतं.

तेव्हा आधी ट्रेच्या आतलं तापमान मोजा, टबाबाहेरचं नको. मग रोजचं उचलणं बंद करा. खाणं वरून टाका, आठवड्यातून दोनदा. दोन महिन्यांनी रात्री टॉर्च घेऊन नुसतं तळाशी बघा. पिल्लं तांदळाच्या दाण्याहून लहान असतात आणि विष्ठेच्या दाण्यांत मिसळून जातात, पण उजेड पडला की ते दाणे पळू लागतात.