गाडी नंतर, आधी पॅक

प्रश्न : मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. इलेक्ट्रिक मोटारसायकल आणि बॅटरी स्वॅपिंगमध्ये काम करायचं आहे. घरचे म्हणतात, ई-बाइक दुरुस्तीचा सहा महिन्यांचा कोर्स कर. करू का?

उत्तर : आधी अभ्यासक्रम बघ. बॅटरी पॅक उघडून मोजमाप करायचं प्रात्यक्षिक त्यात नसेल, तर फी वाचव. या गाडीला क्लच नाही, कार्ब्युरेटर नाही. मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर बिघडला तर बहुधा अख्खा बदलतात. रोजची कटकट बॅटरीची. केनियातल्या नैरोबीतला किंवा रवांडातल्या किगालीतला मोटारसायकल-टॅक्सीवाला दिवसाला शंभर किलोमीटरच्या वर धावतो, चार्जिंगला दोन-तीन तास थांबला तर धंदा बुडाला. म्हणून तो स्टेशनवर रिकामा पॅक देऊन भरलेला घेतो, हेच स्वॅपिंग. पॅक कंपनीचाच राहतो, त्यामुळे तो सांभाळणारी माणसंही कंपनीलाच लागतात.

एक नेहमीची तक्रार घे : "डिस्प्लेवर ३० टक्के होते आणि गाडी बंद पडली." पॅकमध्ये १६ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल सिरीजमध्ये, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, म्हणजे ५१.२ व्होल्ट. नवखा माणूस बाहेरून मल्टीमीटर लावतो, ५२ दिसतात, 'पॅक ओके' लिहून मोकळा होतो. पण एलएफपीचं व्होल्टेज साधारण २० ते ८० टक्के चार्जपर्यंत जवळजवळ सपाट असतं, त्यात लोडही नाही. त्या ५२ वरून काहीच कळत नाही. लोड लाव आणि सोळाही सेल वेगवेगळे वाच. पंधरा ३.१ वर आणि एक २.५ च्या खाली गेला, की बीएमएस, म्हणजे पॅकवर नजर ठेवणारं सर्किट, सगळा पॅक तोडतो. लोड काढताक्षणी तो सेल इतरांच्या बरोबरीला उसळला, तर आधी बसबारच्या (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) वेल्डवर संशय घे. रेंगाळत चढला तर बहुधा सेलच थकलाय.

दुसरं दुखणं कनेक्टरचं. स्वॅपिंगमध्ये तो दिवसातून दोन-तीनदा निघतो, लागतो. कंट्रोलरचे कपॅसिटर रिकामे असतील तर पॅक बसताच करंटचा लोंढा येतो, ठिणगी उडते, पिनेवर खड्डे पडतात. कपॅसिटर आधी हळूहळू भरू देणारा प्री-चार्ज रेझिस्टर असतो तो यासाठीच. आधी तो जळलाय का बघ. खड्ड्यांमुळे जोडाचा रोध १० मिलिओहम झाला, तर ४० अँपिअरला त्या पिनेवर १६ वॅट उष्णता. प्लास्टिक मऊ पडायला तेवढी पुरते.

स्वॅपिंग स्टेशनकडे जायचं असेल तर हिशेब पक्का हवा. २ किलोवॅट-तासाचा पॅक, १ किलोवॅटचा चार्जर : सव्वादोन तास धर. १२ भरलेले पॅक आणि तासाला १० गिऱ्हाईकं, म्हणजे सव्वा तासात साठा संपला, आणि पहिला परत आलेला पॅक भरायला अजून तास बाकी. त्यातही पॅक तापून आलेला असतो. बऱ्याच सेलना ४५ अंशांच्या वर चार्जिंग चालत नाही, म्हणून निवण्याचा वेळ वेगळा. गर्दीच्या वेळचे हे आकडे मांडून दाखवणारा कुठल्याही स्टेशनवर उपयोगी.

डिप्लोमा संपेपर्यंत कॅन बसचे (बीएमएस, कंट्रोलर ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात तिचे) लॉग वाचायला शीक. पॅकवर हात घालताना अंगठी, कडं काढून ठेव, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळ. ५० व्होल्टचा झटका सहसा फार बसत नाही, पण शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर वाहतात.

आणि कोर्सवाल्यांना फी भरण्याआधी एवढं विचार : मिलिओहम कशाने मोजायला शिकवता? साधा मल्टीमीटर पुढे केला, तर उठून ये. तारांचा स्वतःचा रोध वगळून मोजणारा फोर-वायर मीटर टेबलावर असेल तर बस.