दहा हजार दिलेत, आता सात दिवस मोजा

प्रश्न : लालबागला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. आरोग्य परवान्याचा अर्ज दोन महिने पडून आहे. वॉर्ड ऑफिसमधल्या निरीक्षकाने पक्षाच्या एका कार्यकर्त्याला भेटायला सांगितलं. तो म्हणाला, "साहेबांचे चाळीस." गेल्या मंगळवारी नाइलाजाने दहा हजार रोख दिले. आता उरलेले तीस मागतायत. तक्रार केली तर मीच अडकेन का?

उत्तर : ताई, गप्प बसलात तर अडकाल. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात पूर्वी कलम २४ होतं. त्यामुळे लाच दिल्याचं सांगणाऱ्याला संरक्षण मिळायचं. २०१८ च्या दुरुस्तीत ते गेलं आणि लाच देणं हाच कलम ८ खाली गुन्हा झाला. शिक्षा सात वर्षांपर्यंत. सुटकेची वाट त्याच कलमात आहे : बळजबरीने द्यावी लागली असेल आणि दिल्यापासून सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं, तर देणाऱ्यावर गुन्हा होत नाही. मंगळवारी दिलेत, म्हणजे येत्या सोमवारच्या आत कळवा. शेवटच्या दिवसाच्या मोजणीवर वाद नको. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे, पण नुसत्या फोनवर भागवू नका. वरळीच्या कार्यालयात जा, लेखी तक्रार द्या, तारखेसह पोच घ्या. दहा हजार दिल्याचं तक्रारीत स्पष्ट लिहा. लाजेखातर ते गाळणारे बरेच असतात, आणि पुढे उलटतपासणीत नेमकं तेच बाहेर येतं.

जाताना अर्जाची पावती, त्रुटींचं पत्र आलं असेल तर ते, आणि दहा हजार बँकेतून काढले असतील तर पासबुकाची नोंद न्या. व्हॉट्सअॅपचे मेसेज असतील तर मूळ फोनच न्या. काही पुसू नका, फोन बदलू नका. असा पुरावा कोर्टात आणायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्याचं अधिकारी बघतील.

उरलेल्या तीस हजारांसाठी सापळा लागेल. त्याआधी मागणी खरी आहे का याची पडताळणी होते, आणि प्रकरण तगतं की पडतं ते बरंचसं इथेच ठरतं. तुमच्याकडे व्हॉइस रेकॉर्डर देऊन, पंच सोबत ठेवून बोलणं करवतात. "साहेब, किती देऊ?" असं तुम्ही विचारायचं नाही, तो बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. "माझ्या अर्जाचं काय झालं?" एवढंच विचारा, आकडा त्याच्या तोंडून येऊ द्या. तुमच्या प्रकरणात खरी अडचण मधल्या माणसाची आहे. तो सरकारी नोकर नसला तरी सरकारी नोकरावर वजन वापरण्यासाठी पैसे घेणाऱ्याचं कलम ७अ त्याला लागू होतं, पण नुसता त्याचाच आवाज टेपवर आला तर निरीक्षक "मी त्याला ओळखतही नाही" म्हणून मोकळा होईल. म्हणून निरीक्षकाशी एकदा तरी समोरासमोर बोलणं व्हायला हवं.

सापळ्याच्या नोटांचे नंबर पंचनाम्यात लिहितात आणि त्यांना अँथ्रासिन पावडर लावतात. अतिनील दिव्याखाली ती निळसर चमकते. पावडर लावल्यावर पैसे घेणाऱ्याशी हात मिळवू नका, नोटा टेबलाच्या खणात सरकवू नका. त्याने मागावं, त्याने हातात घ्यावं, मगच ठरलेली खूण करा. साहेबाला वास लागला आणि त्याने घेतलेच नाहीत, तरी घाबरू नका. मागणी रेकॉर्ड झाली असेल तर ती स्वतःच गुन्हा आहे. सापळ्याची रक्कम सरकार परत करतं, जरा उशिरा.

पुढे कोर्टात साक्ष द्यावी लागेल, ती टाळता येत नाही. त्यातही कुणी "मिटवून टाका" म्हणून साक्ष फिरवायला लावेल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलंय की तक्रारदार फितूर झाला तरी इतर पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते. म्हणजे फिरून साहेब सुटेलच असं नाही, तुम्ही मात्र खोट्या साक्षीत सापडाल.

परवान्याचं वेगळं बघू. ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित असेल आणि ठरलेली मुदत उलटली असेल, तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. कसूर ठरल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होतो. रक्कम किरकोळ आहे, पण कागदावर नाव लागतं, आणि ते त्यांना झोंबतं.

सोमवारपर्यंत शाखेत, शेजारी, पाहुण्यांत कुठेही याची वाच्यता करू नका. त्या कार्यकर्त्याचा फोन आला तर "जमवाजमव चालू आहे" म्हणा आणि फोन ठेवा.