डुकराचं हृदय आणि विकायला काढलेली जमीन

ताई, तुमच्या पत्रात दोघं जण बोलतात. दीर म्हणतात, ‘अमेरिकेत डुकराचं हृदय बसवतात, गावची दोन एकर विकू आणि दादाला तिकडे नेऊ.’ सासूबाई म्हणतात, ‘माळकरी माणसाच्या छातीत डुकराचं काळीज नको.’ कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय. पण ज्यांच्या हृदयाचं पंपिंग पंधरा टक्क्यांवर आलंय, ज्यांचं नाव पुण्याच्या प्रतीक्षायादीत आहे, त्या तुमच्या यजमानांचं एकही वाक्य पत्रात नाही. आधी त्यांच्याशी बोला. बाकीचे खोलीत नसताना.

जमीन मात्र विकू नका, हे मी ठामपणे सांगते. बाल्टिमोरमध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ७ जानेवारी २०२२ला डेव्हिड बेनेट यांना असं हृदय बसवलं. त्या डुकराच्या जनुकांमध्ये दहा बदल केले होते. डुकराच्या पेशींवरच्या ज्या साखरांवर माणसाचं शरीर तुटून पडतं, त्या तयार करणारी तीन जनुकं बंद केली, माणसाची सहा घातली आणि हृदय छातीत वाढत राहू नये म्हणून वाढीचं एक बंद केलं. एवढं करूनही बेनेट दोन महिने जगले. त्या हृदयातून डुकराचा एक विषाणूही त्यांच्या शरीरात गेला होता, हे नंतर कळलं. सप्टेंबर २०२३मध्ये लॉरेन्स फॉसेट यांना बसवलं, ते सहा आठवडे जगले. माणसाच्या हृदयाचं प्रत्यारोपण दोघांनाही नाकारलेलं होतं, म्हणून तिथल्या सरकारने खास परवानगी दिली. पैसे भरून नंबर लावावा अशी ही सोय नाही. तुमच्या यजमानांचं नाव तर माणसाच्या हृदयासाठी यादीत आहे! ती वाट सोडून कुठे निघालात?

सासूबाईंना अडाणी म्हणू नका. मुलगा डोळ्यांदेखत खचतोय आणि त्यात घरात हा विषय निघतो, त्यांचा जीव तुटत असणार. डुकराच्या ऊतींपासून केलेल्या हृदयाच्या झडपा गेली कित्येक वर्षं माणसांना बसवतात आणि त्याने माणूस बदलत नाही, हे त्यांना हळूच सांगता येईल. पण आज त्यांचं मन वळवायची गरजच नाही, कारण तो प्रश्न तुमच्या दारात आलेलाच नाही.

दिरांच्या धडपडीला काम द्या. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या. हृदय मिळेपर्यंत आधार देणारा कृत्रिम पंप यजमानांना चालेल का, त्याचा खर्च किती, हे त्यांनीच डॉक्टरांना विचारावं. दात्याचं हृदय काढल्यापासून साधारण चार तासांत बसवावं लागतं. म्हणून रात्री दोनला फोन आला तर गाडी कोणाची, साताऱ्याहून पुण्याला किती वेळात पोहोचाल, हे आत्ताच ठरवा. रुग्णालयात तुमच्यासोबत दिरांचाही नंबर नोंदवा, आणि दोन्ही फोन रात्री चालू ठेवा.