स्टॉर्मनंतर नवी सफारी: कारण पटलं, कर्ज नाही पटलं

नमस्कार. तुमच्या पत्रातले आकडे आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. २०१६ची टाटा सफारी स्टॉर्म, हातात येणारा पगार १ लाख ४० हजार, घराचा हप्ता ४१ हजार. घरात तुम्ही दोघं, दोन शाळकरी मुलं आणि आई-वडील. नवी डिझेल सफारी ऑन-रोड २४ लाखांना पडतेय. त्यातले १८ लाख ९ टक्क्यांच्या, सात वर्षांच्या कर्जातून आणि ६ लाख एफडी मोडून आणायचे, शिवाय स्टॉर्म वडिलांसाठी शेतावर ठेवायची, असा तुमचा बेत. ‘गाडी तीच, फक्त पुढची पिढी’ असं तुम्ही म्हणता. माझा पहिला आक्षेप यालाच आहे.

नाव तेवढं तेच राहिलंय. १९९८ची सफारी आणि २०१२ची स्टॉर्म या चासीवर, म्हणजे वेगळ्या सांगाड्यावर, बॉडी बसवलेल्या गाड्या. हवी तर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी, मिळायची, आणि मागच्या बाकांवर माणसं समोरासमोर, आडवी बसायची. २०१९मध्ये स्टॉर्म बंद झाली. फेब्रुवारी २०२१मध्ये आलेली सफारी मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकसंध असलेली आहे, लँड रोव्हरच्या डी८ प्लॅटफॉर्मवर बेतलेली, पुढच्या चाकांवर चालणारी. तिसऱ्या रांगेची तोंडं पुढे झाली, पण डिझेलमधली फोर बाय फोर गेली. ऑक्टोबर २०२३च्या फेसलिफ्टपासून, म्हणजे गाडीचं रूप बदललं तेव्हापासून, सर्व व्हेरियंटना सहा एअरबॅग मिळतात, आणि त्याच डिसेंबरात भारत एनसीएपी या क्रॅश-टेस्ट कार्यक्रमाने या गाडीला मोठ्यांच्या आणि मुलांच्या, दोन्ही सुरक्षिततेसाठी पाच तारे दिले.

म्हणून ‘घाट उतरताना मुलं मागे आडवी बसलेली असली की पोटात गोळा येतो’ हे तुमचं वाक्य मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. गाडी बदलायला याहून चांगलं कारण नाही, आणि मी ते बाजूला सारणार नाही.

पण कर्जाचं गणित बघा. १८ लाखांवर हप्ता २८,९६० रुपये, सात वर्षांत व्याज सुमारे ६ लाख ३३ हजार. पाच वर्षांत फेडलंत तर व्याज १ लाख ९० हजारांनी कमी होतं, पण हप्ता ३७ हजारांवर जातो आणि तो तुम्हाला पेलवणार नाही. सात वर्षांचा धरला तरी दोन्ही हप्ते मिळून निम्मा पगार संपतो. आता विम्याची बाजू. शोरूम किंमत २० लाख धरली, तर तीन वर्षं उलटल्यावर प्रचलित घसाऱ्याने आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी धरते ती गाडीची किंमत, १२ लाखांवर येते. त्या वेळी कर्ज उरलेलं असतं ११ लाख ६४ हजार. उद्या गाडी पूर्ण निकामी झाली, तर विम्याचे जवळजवळ सगळे पैसे बँकेला जातील आणि एफडी तर आधीच मोडलेली असेल. ही एफडी म्हणजे तुमच्या घराची अडीअडचणीची एकुलती एक पुंजी आहे. तिला हात लावू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

‘जीएसटी उतरलाय तोवर घ्यावी’ हा मुद्दा मला पटत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या एसयूव्हींवरचा कर सेससकट ५० टक्क्यांवरून ४० झाला, पण तो काही सणाचा सेल नाही. शिवाय नव्या गाड्यांचे भाव उतरले की त्याचा दाब जुन्यांच्या भावावरही येतो. स्टॉर्मची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०३१पर्यंत आहे. वर्षभर थांबायला हरकत नाही, फक्त तोवर मुलांना पट्टा लावून मधल्या रांगेत बसवा.

या वर्षात दरमहा २९ हजार आरडीत टाका. हप्ता झेपतो की नाही ते तिथेच कळेल, आणि साडेतीन लाख जमतील. मग ऑक्टोबर २०२३नंतरचीच, एक-दोन वर्षं वापरलेली सफारी बघा. त्याआधीच्या गाड्यांत खालच्या व्हेरियंटना एअरबॅग कमी आहेत, आणि आपण गाडी बदलतोय ती सुरक्षिततेसाठी. कर्ज १० लाखांच्या वर नको. १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी हप्ता २१,२४७ येतो. बाकी रक्कम आरडीतून आणि स्टॉर्मच्या विक्रीतून उभी करा, आणि त्यात बसेल तेच व्हेरियंट घ्या. स्टॉर्म विकायला तुम्हाला जड जाईल, पण दोन गाड्यांचा विमा आणि देखभाल या पगारात बसत नाही. विकताना विमा कंपनीकडून एनसीबीचं, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, पत्र मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. तुमचं ऑफिस चार किलोमीटरवर आहे. बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण-नियमांच्या, डिझेल गाडीत डीपीएफ हा धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जळायला गाडी काही वेळ सलग, वेगात चालावी लागते. रोज चार किलोमीटर जाऊन-येऊन तो तुंबतो आणि खर्च मोठा असतो. तेव्हा ऑफिसला दुचाकी ठेवा, आणि आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर काढा.

तुम्ही सहा जण आहात, तर सहा सीटरच बघा. मधल्या दोन सुट्या सीटवर आई-वडील, त्यांच्यामधून मुलं मागे जातील. सहा जण बसल्यावर सामानाला फार जागा उरत नाही, म्हणून पसंती कळवण्याआधी गावी नेता तेवढ्या बॅगा घेऊन सगळ्यांना एकदा गाडीत बसवून बघा.